पुन्हापुन्हा लागलेला शोध

संख्याशास्त्राशी ज्यांचा कामापुरता का होईना संबंध आला आहे, त्यांना कार्ल पिअर्सन हे नाव नवे नाही. दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती प्रमाणात वाढतात वा घटतात हे सांगणारा जो सहसंबंधाचा गुणांक आपण आज संगणकाकडून एका ओळीत काढून घेतो, तो याच पिअर्सनच्या नावाने ओळखला जातो. माझ्या डॉक्टरेटच्या प्रबंधात तो पानोपानी होता आणि आज सॉफ्टवेअरच्या नोकरीतही आठवड्यातून एकदा तरी त्याची गाठ पडतेच. त्यामुळे १९१० साली याच पिअर्सनने एथेल एल्डरटन या सहकारी बाईंबरोबर आईबापांच्या दारूचा मुलांच्या शरीरावर आणि बुद्धीवर काय परिणाम होतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, आणि त्यात 'दखल घ्यावी असा परिणाम दिसत नाही' असे उत्तर काढले होते, हे वाचनात आले तेव्हा मी चमकलोच. एवढा मोठा माणूस, एवढी काटेकोर आकडेमोड, आणि उत्तर मात्र चुकीचे! ते का चुकले हे पाहता पाहता मी एका अशा इतिहासात शिरलो, की ज्यात एकच शोध पुन्हापुन्हा लागतो आणि पुन्हापुन्हा हरवतो.

(माझ्या नावामागचा 'डॉ.' हा इंजिनिअरिंगचा आहे, हे मंडळातील बहुतेकांना ठाऊक आहेच. तरीही दर सहलीला कोणी ना कोणी रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल विचारतेच, म्हणून सांगून ठेवतो. हा लेख इतिहासाचा आहे. वैयक्तिक शंका आपापल्या डॉक्टरांनाच विचाराव्यात.)

आज काय माहीत आहे ते आधी थोडक्यात सांगतो. गरोदर बाईच्या रक्तातील अल्कोहोलला वार अडवू शकत नाही. रेणू इतका लहान आणि पाण्यात सहज मिसळणारा, की थोड्याच वेळात आईच्या आणि गर्भाच्या रक्तातील त्याचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. आईचे यकृत त्याची विल्हेवाट लावू शकते, पण गर्भाच्या यकृताला ती ताकद फारच थोडी असते. गर्भाने बाहेर टाकलेले अल्कोहोल गर्भजलात उतरते आणि तेच गर्भजल तो पुन्हा गिळतो. हे सारे चालू असताना तिकडे मेंदूची बांधणी सुरू असते. परिणाम तीन तऱ्हेचे होऊ शकतात. एक, वाढ खुंटते. दोन, चेहऱ्याला एक विशिष्ट ठेवण येते : डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ, आणि नाक व ओठ यांच्यामधली उभी खोबण सपाट. तीन, मेंदूच्या कामात कायमचे वैगुण्य राहते. यातील पहिले दोन पाहणाऱ्याला दिसतात. तिसरे दिसत नाही, आणि बहुतेक मुलांच्या वाट्याला नेमके ते एकटेच येते.

या विषयावरच्या पुस्तकांची सुरुवात बहुधा बायबलपासून होते. सॅमसनच्या आईला देवदूत सांगतो की तुला मुलगा होणार आहे, तर आता मद्य पिऊ नकोस. प्लेटोनेही आपल्या 'लॉज' या ग्रंथात नवराबायकोने नशेत अपत्यप्राप्तीचा विचार करू नये असे म्हटले आहे. मला हे पुरावे फारसे पटत नाहीत. सॅमसनच्या गोष्टीतले कारण धार्मिक व्रताचे आहे, आणि प्लेटोची चिंता गर्भधारणेच्या रात्रीची आहे, पुढच्या नऊ महिन्यांची नाही. आपल्याकडे सगळे काही वेदांत होते असे म्हणणारे लोक असतात, तसे ते पाश्चात्त्यांतही आहेत, एवढेच यावरून सिद्ध होते.

खरी नोंद सापडते ती अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये. धान्यापासून गाळलेली जिन तेव्हा इतकी स्वस्त झाली होती की गल्लोगल्ली, किराणा मालाच्या दुकानातसुद्धा ती मिळे, आणि पुरुषांच्या बरोबरीने बायकाही पीत. १७२६ साली तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने पार्लमेंटला अर्ज केला. त्यात इतर अनिष्टांबरोबर हेही लिहिले होते की या दारूमुळे दुबळी, रोगट मुले जन्माला येतात आणि ती देशाचा आधार होण्याऐवजी त्याच्यावरचा भार होतात. शब्द लक्षात घ्या. काळजी मुलाची कमी आणि देशाच्या मनुष्यबळाची जास्त. पुढे जिनवर कर बसवणारे, परवाने आवळणारे कायदे एकामागून एक झाले. १७५१ सालच्या कायद्यानंतर ती लाट ओसरली, आणि त्याच वर्षी विल्यम होगार्थने 'जिन लेन' हे आपले प्रसिद्ध चित्र छापले. पायऱ्यांवर झिंगून बसलेली आई तपकीर ओढते आहे आणि तिच्या मांडीवरचे मूल कठड्यावरून खाली पडते आहे. काही लेखकांनी त्या मुलाच्या चेहऱ्यातही वर सांगितलेली लक्षणे शोधली आहेत. एवढ्याशा कोरीव रेषांवरून निदान करणे म्हणजे फारच झाले. पण त्या चित्राने एक गोष्ट मात्र पक्की केली : या प्रश्नाचे चित्र म्हणजे बेजबाबदार आई. पुढची अडीचशे वर्षे ते चित्र पुसले गेले नाही.

पहिले खरे शास्त्रीय काम झाले ते लिव्हरपूलच्या तुरुंगात. विल्यम सलिव्हन हा तिथला डॉक्टर. दारूच्या पायी वारंवार आत येणाऱ्या बायका त्याच्या रोजच्या पाहण्यातल्या. त्याने अशा १२० बायकांची माहिती गोळा केली आणि १८९९ साली प्रसिद्ध केली. त्यांना झालेल्या ६०० मुलांपैकी ३३५ मुले मृत जन्मली होती किंवा दोन वर्षांच्या आत गेली होती, म्हणजे निम्म्याहून जास्त. आता त्या काळी गरीब वस्तीत बालमृत्यू पुष्कळ होत, त्यामुळे नुसत्या या आकड्याला अर्थ नाही. सलिव्हनला ते कळत होते. त्याने काय केले, तर याच बायकांच्या नात्यातल्या, न पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या नवऱ्यांशी लग्न झालेल्या २८ बायका शोधल्या. तेच रक्त, पण बाटली नाही. त्यांच्या मुलांतील मृत्यूंचे प्रमाण २४ टक्क्यांच्या आत निघाले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याने आनुवंशिकता स्थिर ठेवून दुसरा घटक बदलून पाहिला. मला त्याची दुसरी नोंद अधिक मोलाची वाटते. काही बायकांना गरोदरपणातच शिक्षा झाली होती. तुरुंगात अन्न निकृष्ट, काम कष्टाचे, पण दारू नाही. त्याच बायकांना आधी झालेली मुले दगावलेली, आणि तुरुंगवासातले मूल मात्र धडधाकट. असा प्रयोग मुद्दाम कोणी करू शकला नसता.

मग १९१० साली पिअर्सनला हे का दिसले नाही? त्याच्याकडची माहिती एडिंबरा आणि मँचेस्टर इथल्या गरीब वस्त्यांतल्या शाळकरी मुलांची होती. आईबाप पिणारे आणि न पिणारे असे दोन गट करून त्याने मुलांची उंची, वजन, दृष्टी, बुद्धी यांची तुलना केली. फरक जवळजवळ नाही, आणि क्वचित पिणाऱ्यांचीच मुले सरस! पण आईने पिणे मुलाच्या जन्माआधी सुरू केले की नंतर, याची नोंदच त्या माहितीत नव्हती. शिवाय जी मुले जन्मताच गेली ती शाळेपर्यंत पोचलीच नव्हती. म्हणजे मोजली गेली ती वाचलेलीच. यावर कडाडून टीका झाली, आणि टीकाकारांत जॉन मेनार्ड केन्स हा २७ वर्षांचा तरुण होता. पुढे अर्थशास्त्रात ज्याच्या नावाचा डंका वाजला तोच. त्याचा मुद्दा साधा होता. ज्या वस्तीत माणसे दारूपायी येऊन पडतात त्याच वस्तीत न पिणारेही राहत असतील, तर ते दुसऱ्या कुठल्या तरी कमतरतेपायी तिथे आलेले असणार. मग या दोन गटांची तुलना करून दारूबद्दल काय कळणार?

पिअर्सनला आकडेमोड येत नव्हती असे कोण म्हणेल? पण तो सुप्रजननवादी होता. माणूस घडतो तो आनुवंशिकतेने, परिस्थितीने नव्हे, यावर त्याची श्रद्धा होती, आणि मद्यपानविरोधी प्रचारकांचा त्याला तिटकारा होता. उत्तर मनात ठरलेले असले की माहितीतले भोक दिसत नाही. आमच्या धंद्यातही हे रोज पाहायला मिळते.

अमेरिकेत जे झाले ते याहून विचित्र. इथे दारूबंदीची चळवळ जोरात होती आणि तिच्या व्याख्यात्यांनी 'पिणाऱ्यांची मुले' हा विषय इतका रंगवून, इतक्या अतिशयोक्तीने वापरला, की १९२० ते १९३३ हा दारूबंदीचा काळ फसून संपल्यावर सुशिक्षित माणसाला तो विषयच हास्यास्पद वाटू लागला. १९४२ साली येल विद्यापीठातल्या हॅगर्ड आणि जेलिनेक या दारूविषयक संशोधनातल्या मातब्बर जोडीने आपल्या पुस्तकात लिहिले की अशा परिणामाचा ग्राह्य पुरावा नाही. मुले दुबळी निघतात ती घरातल्या हलाखीमुळे. सलिव्हनचा अभ्यास कुठे खोटा ठरला नव्हता. तो नुसता जुन्या, सोवळ्या लोकांच्या सामानाबरोबर माळ्यावर गेला.

तो माळ्यावर असतानाच, १९६० च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये फ्रिट्झ फुक्स या प्रसूतितज्ज्ञाने दिवसांआधी सुरू झालेल्या कळा थांबवण्यासाठी गरोदर बाईच्या शिरेतून अल्कोहोल देण्याची पद्धत सुरू केली. तर्क बरोबर होता, कारण गर्भाशयाला आकुंचन पावायला लावणारे ऑक्सिटोसिन अल्कोहोलमुळे कमी स्रवते. बाई बाटलीतल्या थेंबाथेंबाने चक्क झिंगत, उलट्या करत, पण कळा थांबत. हा उपचार १९७० च्या दशकातही अनेक इस्पितळांत चालू होता. कोणी दुष्ट नव्हते. अल्कोहोल गर्भाला बाधत नाही, असे पाठ्यपुस्तकच सांगत होते.

फ्रान्समध्ये हा शोध पुन्हा लागला. जॅकलीन रुकेत या बाईंनी १९५७ साली पॅरिसला मद्यपी आईबापांच्या शंभर मुलांवर प्रबंध लिहिला, तो कपाटातच राहिला. मग नाँत या गावचे बालरोगतज्ज्ञ पॉल लेम्वान यांनी १२७ मुलांचे वर्णन १९६८ साली एका प्रांतिक वैद्यकीय नियतकालिकात छापले. त्यांनी लिहिले की ही मुले एकमेकांसारखी इतकी दिसतात की मूल पाहून आईच्या पिण्याचे निदान करता यावे. लेख फ्रेंचमध्ये, नियतकालिक आडबाजूचे, आणि देश असा की जिथे वाइन हे जेवणातले पाणी. फ्रान्समध्येच कोणी लक्ष दिले नाही, मग बाहेर कोण देणार?

जवळजवळ त्याच सुमारास सिअॅटलमध्ये क्रिस्टी उलेलँड ही शिकाऊ बालरोगतज्ज्ञ वजन न वाढणाऱ्या तान्ह्या बाळांच्या मागे लागली होती. दूध पुरेसे, आजार काही नाही, तरी बाळ वाढत नाही. तिने आयांची चौकशी केली तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणी मद्यपी निघाल्या. अशी मुले एकत्र तपासायला बोलावली गेली. जन्मजात व्यंगांचे जाणकार डेव्हिड स्मिथ, त्यांचे शिष्य केनेथ जोन्स आणि मानसशास्त्रज्ञ ॲन स्ट्राइसगथ यांनी ती पाहिली, आणि वेगवेगळ्या वंशांच्या या मुलांमध्ये तोच चेहरा पुन्हापुन्हा दिसला. स्मिथना हा चेहरा आधी कुठेतरी पाहिल्याचे आठवले. जुन्या फाइली काढल्या तर त्यांतही आयांच्या मद्यपानाची नोंद होती, नुसती कोणी जोडून पाहिली नव्हती. आठ मुलांचे वर्णन जून १९७३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी या स्थितीचे नामकरण झाले : फीटल अल्कोहोल सिंड्रोम. लेम्वानांचा लेख त्यांना नंतर कळला.

व्यंगांना सामान्यतः शोधणाऱ्याचे नाव देतात. इथे मुद्दाम कारणाचे नाव दिले, कारण हेतू हा की नाव ऐकताच ते टाळता येते हे लोकांना कळावे. हेतू चांगला होता आणि साध्यही झाला. पण त्यामुळे असेही झाले की मुलाच्या निदानाचा कागद म्हणजे आईवरचे आरोपपत्र होऊन बसले. डॉक्टर विचारायला संकोचतात, आया सांगायला घाबरतात, आणि मूल निदानावाचून राहते. होगार्थची पायरी पुन्हा आलीच.

पुढच्या वर्षी याच मंडळींनी जे केले ते मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. अमेरिकन सरकारने १९५९ पासून सुमारे ५५,००० गरोदरपणांचा आणि त्या मुलांचा सात वर्षांपर्यंतचा तपशील अगदी वेगळ्या कारणासाठी गोळा करून ठेवला होता. त्यातून त्यांनी मद्यपी म्हणून नोंद झालेल्या २३ आया शोधल्या आणि प्रत्येकीसाठी तिच्याच परिस्थितीतल्या दोन न पिणाऱ्या आया निवडल्या. बाळंतपणाच्या सुमारास बाळ दगावण्याचे प्रमाण १७ टक्के विरुद्ध २ टक्के. जी जगली त्यांच्यात सातव्या वर्षी बुद्ध्यंक ७९ किंवा त्याहून कमी असणारी ४४ टक्के, दुसऱ्या गटात ९. माहिती कधीचीच कपाटात होती. प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि ५५,००० मध्ये मद्यपी आया २३ च, हेही काही खरे नसणार. बाकीच्यांना कोणी विचारले नव्हते, इतकेच.

आता चेहऱ्याकडून मेंदूकडे. १९७८ साली स्टर्लिंग क्लॅरेन आणि सहकाऱ्यांनी, गरोदरपणी आई भरपूर पीत असलेल्या आणि दगावलेल्या चार अर्भकांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. गर्भाच्या मेंदूत मज्जापेशी आतल्या भागात जन्मतात आणि तिथून प्रवास करत आपापल्या ठरलेल्या थरात जाऊन बसतात. या चार मेंदूंत त्या वाट चुकल्या होत्या. काही तर मेंदूच्या पृष्ठभागाच्याही बाहेर जाऊन पसरल्या होत्या. आणि चारांपैकी दोन अर्भकांच्या चेहऱ्यावरून हे निदान करताच आले नसते.

असे का, त्याचे उत्तर १९८१ साली नॉर्थ कॅरोलायनात कॅथलीन सुलिक यांनी उंदरांवर दाखवले. गर्भाच्या सातव्या दिवशी, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साधारण तिसऱ्या आठवड्यात, उंदरीला अल्कोहोल दिले की पिलाच्या तोंडावर नेमकी तीच ठेवण उमटते. म्हणजे तो चेहरा ठरतो तो अगदी थोड्या दिवसांच्या खिडकीत, आणि तीही अशा वेळी की बहुतेक बायकांना आपल्याला दिवस गेल्याची कल्पनाही नसते. मेंदूची बांधणी मात्र नऊच्या नऊ महिने चालते. शेवटची तिमाही तर मज्जापेशींच्या जोडण्यांचा हंगाम. २००० साली सेंट लुइसच्या जॉन ऑल्नी यांच्या गटाने या टप्प्याशी जुळणाऱ्या वयाच्या उंदरांच्या पिलांत दाखवले की एका वेळच्या भरपूर अल्कोहोलने पेशींमधला संदेश-व्यवहार इतका मंदावतो की मेंदूच्या पुढच्या भागातील असंख्य मज्जापेशी आपण निरुपयोगी झालो असे समजून स्वतःहून मरतात. चेहरा त्यावेळी कधीचाच तयार झालेला असतो. मूल दिसायला गोड, बोलायला चुणचुणीत.

असे एक मूल मी जवळून पाहिले आहे. आमच्या गावच्या वाचनालयात मी शनिवारी मुलांना गणित शिकवतो, तिथे तो येई. दहा वर्षांचा, स्वतःच्या आईबापांजवळ नसलेला, सांभाळणाऱ्या कुटुंबात राहणारा. ओळख पटेल असे जास्त काही लिहीत नाही. एका शनिवारी त्याने सातचा पाढा न अडखळता म्हणून दाखवला. पुढच्या शनिवारी सातचा पाढा म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या पुढच्या शनिवारी अर्धा परत आला. आपल्यातल्या पुष्कळांना लगेच संगणकाची उपमा सुचेल, पण ती लागू पडत नाही. डिस्क खराब झाली तर रोज त्याच जागी खराब असते. इथे जागा रोज बदलत होती. शाळेच्या अहवालात शेरा होता : लक्ष देत नाही, सांगितलेले ऐकत नाही. त्याला सांभाळणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ऐकत नाही असे नाही. तीन गोष्टी एकदम सांगितल्या तर पहिली करेपर्यंत बाकीच्या दोन उरत नाहीत. एकेक सांगा." एकेक सांगितले की तो करी. या स्थितीचे नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकले.

ही निरीक्षणे आता पुस्तकात आहेत. सिअॅटलच्या गटाने १९७४ पासून सुमारे पाचशे मुलांचा जन्मापासून मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. यांतल्या बहुतेक आया मद्यपी नव्हत्या, चारचौघींसारख्या पीत असत. अंकगणित, लक्ष टिकवणे, आणि चटकन मनात येईल ते करून न टाकणे, यांत जन्माआधीच्या अल्कोहोलची छाया चौदाव्या वर्षापर्यंत सापडत होती. कॅलिफोर्नियात एडवर्ड रायली यांच्या गटाने १९९० च्या दशकात मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांत दोन गोलार्धांना जोडणारा तंतूंचा पूल आखूड किंवा क्वचित नाहीसाच झालेला दाखवला. स्ट्राइसगथबाईंचा १९९६ सालचा अहवाल मात्र सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. या स्थितीच्या ४१५ व्यक्तींचा तो अभ्यास. पूर्ण सिंड्रोम असणाऱ्यांचा सरासरी बुद्ध्यंक ७९, आणि चेहरा नसलेल्यांचा ९०. मतिमंद म्हणून सरकारी मदत मिळायची रेषा साधारण ७० ची. म्हणजे बहुसंख्य मदतीस अपात्र. पण पैसे मोजणे, वेळ पाळणे, कोण फसवते आहे हे ओळखणे, ही रोजची कामे त्यांना बुद्ध्यंकाच्या मानाने कितीतरी कमी जमत. बारा वर्षांवरच्यांपैकी सुमारे ६० टक्के जणांचा पोलिसांशी कधी ना कधी संबंध आला होता. ज्यांचे निदान लहानपणी झाले आणि ज्यांना टिकाऊ घर मिळाले, त्यांची स्थिती पुष्कळच बरी होती. मेंदू तोच, पण आजूबाजूच्यांना ठाऊक होते.

सरकारी पातळीवर अमेरिकेच्या सर्जन जनरलने १९८१ मध्ये गरोदर बायकांनी अजिबात पिऊ नये असा सल्ला दिला, आणि १९८९ पासून इथल्या प्रत्येक बाटलीवर तशी सूचना आली. ब्रिटनने हीच स्पष्ट भूमिका घ्यायला २०१६ साल उजाडले. मधल्या काळात आठवड्याला एखाद-दोन पेले घेणाऱ्या ब्रिटिश आयांची मुले न पिणाऱ्यांच्या मुलांइतकीच, क्वचित सरसही निघाली, असे निष्कर्ष गाजले. पण ब्रिटनमध्ये अशा माफक पिणाऱ्या बायका बहुधा शिकलेल्या आणि सुस्थितीतल्या असतात. केन्सने १९१० साली पिअर्सनला जो प्रश्न विचारला तोच इथे नेमका उलट्या बाजूने उभा राहतो. हे संशोधक ती सामाजिक तफावत वजा करायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण वजा झाली असे कोणी म्हणू शकत नाही. सुरक्षित मर्यादा अमुक, असे म्हणायला त्यामुळे आधार नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांतातली कहाणी वेगळी आणि अधिक क्रूर आहे. तिथल्या द्राक्षमळ्यांत मजुरीचा एक भाग वाइनच्या रूपाने देण्याची प्रथा होती, आणि कायद्याने बंदी आल्यावरही ती पुष्कळ वर्षे रेंगाळली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या एका गावातल्या पहिलीच्या मुलांत पूर्ण सिंड्रोमचे प्रमाण हजारी चाळिसाच्या वर निघाले. तिथे बेजबाबदार आईचे चित्र काढायचे असेल तर मळेवाल्यालाही त्यात बसवावे लागेल.

आपल्या लोकांचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत पिणाऱ्या बायकांचे प्रमाण १.३ टक्केच आहे, आणि त्यामुळे तिथे हा विषय कोणाच्या मनातच येत नाही. २०१९ पासून भारतातल्या बाटल्यांवर सक्तीची जी सूचना आहे तीत प्रकृतीचा आणि गाडी चालवण्याचा उल्लेख आहे, गरोदरपणाचा नाही. पण इथे आपल्या लेकीसुना कामावरच्या पार्टीत पेला हातात घेतात, आणि त्यात मला वावगे काही वाटत नाही. फक्त दिवस गेल्याचे कळण्याआधीचे ते तीन-चार आठवडे डोळ्यांपुढे असावेत, आणि मंडळाच्या कार्यक्रमात एखादीने 'नको' म्हटले की "काय गं, काही विशेष?" असे चारचौघांत विचारायची आपली सवय सुटावी. दुसरे असे की औषध म्हणून घेतलेले अल्कोहोल आपल्या मते अल्कोहोल नसतेच. आसवे आणि अरिष्टे आंबवूनच तयार होतात आणि त्यांत अल्कोहोल असते. सर्दीला चमचाभर ब्रँडी पुष्कळ घरांत चालत आली आहे. ज्या ग्राइप वॉटरवर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्यात इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अल्कोहोल होते.

फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या चार वेगवेगळ्या वस्त्यांतल्या पहिलीच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. संशोधकांनी वाट न पाहता स्वतः शाळांत जाऊन मुले तपासली. अगदी हात राखून काढलेला अंदाज वस्तीगणिक शेकडा १ ते ५. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात एखादे मूल असण्याचा पुरेपूर संभव. प्रत्यक्ष सापडली ती २२२ मुले. त्यांतल्या किती जणांचे निदान आधी झाले होते? दोघांचे.

बाकी २२० मुलांच्या चेहऱ्यावर कोणाला काही दिसले नसणार, आणि याचे कारण नाँतच्या लेम्वानांनी म्हातारपणी सांगून ठेवले आहे. सिअॅटलच्या लेखानंतर त्यांच्या कामाला उशिरा का होईना मान मिळाला. पण ते तिथे थांबले नाहीत. तीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या मुलांना, आता मोठे झालेल्यांना, त्यांनी पुन्हा शोधून काढले आणि १९९२ साली १०५ जणांचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्या चेहऱ्यावरून त्यांनी एकेकाळी आईचे पिणे ओळखले होते तो आता उरला नव्हता. नाक मोठे झाले होते, हनुवटी पुढे आली होती, चेहरा लांबला होता. अडचणी मात्र तशाच होत्या, आणि ज्यांना लहानपणीही तो चेहरा नव्हता अशांतल्या पुष्कळांनाही त्या होत्या.